मेकबाईंची क्रियापदं

मेकबाईंबद्दल मी चांगलं बोलेन अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती आत्ताच सोडून द्यावी. अकरा वर्षं मी त्यांच्यासमोरच्या टेबलावर बसले. त्या अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. 'ए' म्हणायच्या, किंवा पट्टीने टेबलावर ठक् ठक् करायच्या. दोन ठक्ठक् म्हणजे मी.

आमचा कारखाना पत्र्याचे डबे आणि झाकणं बनवायचा. माल बाहेरदेशी जायचा, त्यामुळे कचेरीतला सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत. तो टाईप करायच्या मेकबाई आणि बाहेर पाठवायचं काम माझं. पाकिटं, नोंदी, शिक्के. मी लागले तेव्हा पहिल्याच दिवशी बाई रजेवर होत्या. एका गिऱ्हाइकाकडे चुकीच्या मापाची झाकणं गेली होती, त्याची माफी मागायची होती. साहेब म्हणाले, तूच टाईप कर. मी मोठ्या हौसेने टाईप केलं, 'वी डिड अ मिस्टेक'.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. नोंदवहीतली प्रत दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेला उंदीर उचलावा तशी माझ्यासमोर आणली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"चूक केली म्हणून 'डिड'?"

"हो... म्हणजे, केली ना."

"मिस्टेक 'मेक' करतात. होमवर्क 'डू' करतात. शाळेत काय केलंस? ना 'मेक' ना 'डू'!"

सगळी कचेरी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझं वाक्य मोठ्या अक्षरांत छापलं, खाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर चिकटवलं. आठवडाभर येणारा-जाणारा ते वाचत होता. मी तो कागद काढला की दुसऱ्या दिवशी नवा लागायचा. मेकबाई हे नाव त्यांना मी दिलं, त्याच आठवड्यात. ते एवढं चिकटलं की पगाराच्या यादीतलं त्यांचं खरं नाव वाचून नवीन माणसं विचारायची, या कोण?

बाई बारीक, ताठ, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. केस घट्ट ओढून बांधलेले, जणू सैल सोडले तर तेही चुकतील. जेवणाचा डबा बरोबर एक वाजता उघडायचा, भिंतीकडे तोंड करून. कोणी सहज म्हणालं, "बाई, सर्दी झाली का हो?" तर त्या नाक पुसत सांगायच्या, "सर्दी 'कॅच' करतात. धावत्या बसमागे पळतात तशी." समोरचा काळजीने विचारत होता हे त्यांच्या गावीही नसायचं.

त्यांचा सगळा राग एका शब्दावर होता. "आपलं हे 'करणं'," त्या म्हणायच्या, "बिनपगारी मोलकरणीसारखं घरभर राबवून घेतलंय. काम करा, फोन करा, चूक करा, लग्न करा. सगळं एकटीने. इंग्रजीत प्रत्येक नामाची बाई वेगळी असते. ती सोडून दुसरी आत घेतली की घर बसलंच." मग परीक्षा. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत 'टेक' करतात, म्हणजे घेतात. आपण लक्ष देतो, तिथे लक्ष 'पे' करतात, रोख मोजावं तसं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडासा उजेड यायचा हे मला मान्य करावं लागेल. पण तो समोरच्याने तोंड उघडेपर्यंतच टिकायचा.

हे वेड कुठून लागलं ते मला त्यांच्या वहिनीने सांगितलं. बाई भावाकडे राहायच्या. वहिनी एकदा कसल्याशा कागदावर सही घ्यायला आली होती. बाई साहेबांच्या खोलीत होत्या, म्हणून ती माझ्यासमोर बसली आणि पाच मिनिटांत मोकळी झाली. एकोणिसाव्या वर्षी बाई पहिल्या मुलाखतीला गेल्या होत्या. समोर तीन पुरुष. एकाने विचारलं, इंग्रजीत एवढे कमी गुण का? त्या म्हणाल्या, 'आय डिड मेनी मिस्टेक्स.' तिघंही खो खो हसले. एक जण म्हणाला, "आत्ता अजून एक केलीत." नोकरी मिळाली नाही. त्या दिवसापासून बाई वह्या भरायला लागल्या. रद्दीतली इंग्रजी वर्तमानपत्रं आणायची, त्यातली वाक्यं कापायची आणि क्रियापदाप्रमाणे लावायची. 'मेक'ची वही, 'टेक'ची वही, 'हॅव'च्या दोन.

"सतरा वह्या आहेत," वहिनी म्हणाली. "पलंगाखाली. माझ्या मुलांचे बूट ठेवायला जागा नाही. आणि पोरं जेवताना इंग्रजीत काही बोलली की ह्या घास खाली ठेवतात. माझा धाकटा आता आत्या घरात असली की बोलतच नाही. खुणा करतो."

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. वहिनीकडे बघून म्हणाल्या, "झालं सगळं सांगून?" वहिनी म्हणाली, "झालं." दोघींनी एकमेकींकडे जे पाहिलं ते पाहून मला पहिल्यांदाच आमची कचेरी बरी वाटली.

आता प्रेसवाल्याची गोष्ट सांगते, कारण तिच्यासाठी मी बाईंना अजूनही माफ केलेलं नाही.

झाकणं कापायच्या मोठ्या प्रेसवर एक कामगार होता. धिप्पाड, अबोल, आठवीपर्यंत शिकलेला. रजेचा अर्ज इंग्रजीतच द्यायचा असा तेव्हा नियम होता आणि अर्ज बाईंच्या टेबलावरून साहेबांकडे जायचा. त्याचा बाप दूरच्या गावी दवाखान्यात होता. याने अर्ज लिहिला, 'आय वॉन्ट टू डू लीव्ह'. बाईंनी परत केला. त्याने 'मेक लीव्ह' लिहून आणला. परत केला. तिसऱ्यांदा काय लिहिलं होतं कोण जाणे, बाईंनी त्यावर लाल रेघ मारून दिली आणि म्हणाल्या, "रजा 'टेक' करतात. नीट लिहून आण." तोवर साहेब निघून गेले होते. सही दुसऱ्या दिवशी झाली. त्याचा बाप सकाळी गेला, हा दुपारी पोचला.

परत आल्यावर तो थेट कचेरीत आला. तेलाचे हात, डोळे लाल.

"बाई, तुम्ही स्वतः एक शब्द लिहिला असतात तर हात झडले असते का?"

बाईंनी मान वर केली. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

"बाप आजारी आहे असं अर्जात कुठेच नव्हतं," त्या म्हणाल्या. खरंच नव्हतं. त्याला ते इंग्रजीत लिहिता आलं नव्हतं.

तो थुंकला. दारात, उंबऱ्यावर. आणि निघून गेला. बाईंनी फडकं घेतलं, स्वतः उंबरा पुसला आणि पुन्हा टाईप करायला बसल्या. त्यानंतर एक बदल झाला, तो सांगायला हवा. कामगारांचे अर्ज त्या स्वतः दुरुस्त करून पुढे पाठवायला लागल्या. तोंडाने कोणाला एक अक्षर बोलल्या नाहीत. प्रेसवाल्यालाही नाही.

पुढे मोठ्या साहेबांचे जावई कारखान्यात आले. आम्ही त्यांना जावईसाहेब म्हणायचो, तेही खालच्या आवाजात. महागड्या शाळेत शिकलेले, इंग्रजी फाडफाड बोलायचे. बोलताना कान सुखावायचे, लिहिलं की पितळ उघडं पडायचं. पण त्यांना वजनदार शब्द फार आवडायचे. आल्या आल्या त्यांनी सूचनाफलकावर फर्मान लावलं: सर्वांनी शिस्तीकडे 'गिव्ह अटेन्शन' करावं, साहेबांनी कडक 'डिसिजन डन' केलं आहे.

फर्मान सकाळी नऊला लागलं. सव्वानऊला बाई लाल पेन्सिल घेऊन फलकासमोर उभ्या होत्या. कामगारांची पाळी बदलत होती, शंभरेक माणसं तिथून जात होती. बाईंनी शाळेच्या वहीसारखं ते फर्मान तपासलं. 'गिव्ह' खोडून 'पे'. 'डन' खोडून 'मेड'. खाली, दहापैकी तीन.

जावईसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंना आत बोलावलं. दार बंद होतं, पण आवाज फाटकापर्यंत येत होता.

"तुम्ही टायपिस्ट आहात! मास्तरीण नाही!"

"चूक होती."

"माझ्या चुका काढायला ठेवलंय का तुम्हाला?"

"ठेवलं नाही म्हणूनच तीन दिले. ठेवलं असतं तर शून्य दिलं असतं."

त्याच दिवशी लेखी आदेश निघाला. टायपिस्टने दिलेला मजकूर जसाच्या तसा टाईप करावा. एकही शब्द आपल्या मनाने बदलू नये. बदलल्यास कारवाई. खाली जावईसाहेबांची सही, शिक्का. तो मीच नोंदवला आणि बाईंच्या हातात दिला, तेव्हा मनातून उकळ्या फुटत होत्या. बाईंनी तो दोनदा वाचला, प्लास्टिकच्या पाकिटात घातला, ड्रॉवरमध्ये ठेवला.

आणि एक दिवसही पाळला नाही.

जावईसाहेब हाताने कच्चं लिहून पाठवायचे, बाई त्यातलं प्रत्येक चुकलेलं क्रियापद गुपचूप बदलून टाईप करायच्या. सही करताना ते वाचायचे नाहीत. पत्रं सुधारली. बाहेरदेशीच्या गिऱ्हाइकाने एकदा त्यांच्या इंग्रजीचं कौतुक केलं, तर ते पत्र त्यांनी काचेखाली ठेवलं. मला सगळं दिसत होतं. कच्चे कागद माझ्याकडे फायलीत लागायचे. मी एकदा बाईंना म्हटलं, "आदेश आहे ना तुम्हाला? कशाला करता? त्यांची शोभा होऊ दे की."

"माझ्या हातून 'डिसिजन डन' बाहेर पडणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि तू माझ्याशी बोलू नकोस. त्या पाकिटावर तिकीट वाकडं लावलंयस."

तीन वर्षं अशी गेली. मग प्रेसवर अपघात झाला.

मोठ्या प्रेसच्या तोंडाशी एक जाळी असायची. हात आत जाऊ नये म्हणून. जाळी खाली आल्याशिवाय मशीन दाब देत नसे. तेवढ्याने प्रत्येक झाकणामागे थोडा वेळ जायचा. मोठी मागणी आली होती, माल वेळेत जायला हवा होता. सुपरवायझरने सांगितलं की एवढ्या वेळात होणार नाही. जावईसाहेब म्हणाले, जाळी काढा, तिची कळ दाबून बांधा, महिनाभर चालू दे. हे तोंडी. बघणारे चौघंपाचजण होते. तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, प्रेसवाल्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

कचेरीपर्यंत ओरडणं आलं नाही. मशीन थांबली तेवढं ऐकू आलं. वर्षानुवर्षं तो आवाज सतत कानात असलेली माणसं एकदम मान वर करून बघायला लागली. बाईंची बोटं टाईप करता करता थांबली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग पुढची ओळ सुरू केली.

विमा कंपनीला आणि कामगार कचेरीला अहवाल पाठवायचा होता. जावईसाहेबांनी तो दार लावून स्वतः लिहिला. दुपारी कच्चे कागद बाईंकडे आले. तीन पानं. बाई वाचत होत्या आणि त्यांचा लाल पेन्सिलवाला हात हवेत तसाच राहिला होता.

टाईप होऊन जावईसाहेबांची सही झालेला अहवाल संध्याकाळी पाचला माझ्याकडे आला. पानं मोजायची, सोबतचे कागद लावायचे आणि पाकीट बंद करायचं. वाचायची गरज नव्हती. मी वाचला. दोष सगळा प्रेसवाल्यावर. त्याने 'मेड अ मिस्टेक'. त्याने 'पेड नो अटेन्शन'. त्याने 'टुक अ रिस्क'. क्रियापदं बिनचूक, आणि कच्च्या कागदावरही ती तशीच होती. तीन वर्षं बाईंची दुरुस्त केलेली पत्रं सह्या करून पाठवता पाठवता जावईसाहेबांना तेवढं जमायला लागलं होतं. ज्या शब्दांनी बाईंनी मला छळलं, त्याच शब्दांनी आता तीन बोटं गेलेल्या माणसाला बांधून टाकलं होतं.

मग दुसरं पान. त्यात लिहिलं होतं की जाळीशिवाय मशीन चालवायची विनंती कामगारानेच केली. आणि पुढचं वाक्य: याबाबतीत व्यवस्थापनाने 'मेड अॅन एक्सेप्शन'.

मी थांबले. अकरा वर्षं समोर बसून काही तरी डोक्यात जातंच. 'टेक एक्सेप्शन' म्हणजे हरकत घेणं. 'मेक अॅन एक्सेप्शन' म्हणजे नियमाला अपवाद करणं, मुभा देणं. जावईसाहेबांना लिहायचं होतं, आम्ही हरकत घेतली होती. म्हणजे साफ खोटं. वजनदार शब्द हवा होता म्हणून त्यांनी 'एक्सेप्शन' उचललं आणि त्याच्यापुढे चुकीचं क्रियापद लावलं. आता कागदावर लिहिलं होतं, आम्ही मुभा दिली. म्हणजे जे घडलं होतं ते.

मी कच्चा कागद काढून पाहिला. तिथेही 'मेड'च होतं. बाईंनी बदललं नव्हतं.

मी त्यांच्या टेबलाशी गेले. "बाई, इथे 'टुक' हवं ना?"

त्या टंकयंत्रावर, म्हणजे आता संगणक होता तरी त्या त्याला टंकयंत्रच म्हणायच्या, त्यावर कव्हर घालत होत्या.

"तुला कोणी विचारलं?"

"पण हे तर उलटं होतंय."

"मला लेखी आदेश आहे. जसंच्या तसं." त्यांनी पर्स उचलली. "पाकीट चिकटव."

आणि गेल्या.

मी पाकीट चिकटवलं नाही. खरं सांगते, माझ्या डोक्यात त्या वेळी प्रेसवाला नव्हता. माझ्या डोक्यात बाईंची खुर्ची होती. जावईसाहेबांना ही चूक दाखवली की बाई गेल्याच. खोडसाळपणा, कंपनीचं नुकसान, काय वाटेल ते लावता आलं असतं. मी ते पान घेऊन त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ते फोनवर कोणाशी तरी हसत होते. जेवायला कुठे जायचं यावर बोलणं चाललं होतं. मी दिसताच त्यांनी हाताने, कुत्र्याला हाकलावं तसं, मला बाजूला व्हायची खूण केली. मी तरी म्हटलं, "साहेब, अहवालात एक..."

"अहो, पाठवा ना ते! तेवढं तरी करा. दोन बायका बसवल्यात बाहेर, एकीला काम नाही, दुसरीला अक्कल नाही."

मी परत आले आणि पाकीट चिकटवलं. न्यायाबियासाठी नाही. त्या हाताच्या खुणेसाठी.

महिन्याभराने कामगार कचेरीच्या निरीक्षक आल्या. पन्नाशीच्या, शांत, चष्मा डोक्यावर सरकवलेला. फायली घेऊन मला आत बोलावलं होतं, म्हणून मी पाहिलं. जावईसाहेब, सुपरवायझर आणि त्या. त्यांनी दुसरं पान काढून टेबलावर ठेवलं.

"जाळी काढायला तुम्ही मुभा दिली होती."

"मुळीच नाही," जावईसाहेब म्हणाले. "आम्ही हरकत घेतली होती. तिथे लिहिलंय."

"तिथे तसं लिहिलेलं नाही."

"'एक्सेप्शन' म्हणजे हरकतच ना?"

"'टेक' असतं तर हरकत. तुम्ही 'मेक' लिहिलंय. सही तुमची आहे." त्या सुपरवायझरकडे वळल्या. "साहेबांनी परवानगी दिली असं साहेबच लिहून देतात. तुमचं काय म्हणणं?"

सुपरवायझर गेला महिनाभर तोंडात मूग धरून बसला होता. त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. साहेबांनीच कबूल केलंय म्हटल्यावर त्याला कशाची भीती?

"हो," तो म्हणाला. "साहेबच म्हणाले होते, महिनाभर चालू दे. आम्ही पाचजण होतो तिथे."

जावईसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यानंतरचं सगळं त्या पाचजणांच्या जबान्यांवर झालं. प्रेसवाल्याला भरपाई मिळाली आणि फाटकावर बसून करायचं काम मिळालं. कंपनीवर खटला झाला. मोठ्या साहेबांनी जावयाला दुसऱ्या शहरातल्या गोदामावर पाठवलं.

पण जाण्याआधी ते बाईंच्या टेबलाशी आले. सगळी कचेरी उभी राहिली होती. बाई बसून होत्या.

"तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"तीन वर्षं माझी पत्रं बदलत होतात! सगळं कळलंय मला आता. आणि हेच एक नाही बदललं?"

बाईंनी ड्रॉवर उघडला, प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि आदेश त्यांच्यापुढे ठेवला. जावईसाहेबांनी तो फाडला, पाकिटासकट. प्लास्टिक फाटेना तेव्हा दातओठ खात पिळला आणि जमिनीवर आपटला. बाईंनी तो उचलला, हाताने सपाट केला आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला. मी त्यांचा एवढा राग करत होते, तरी त्या क्षणी मला त्यांच्या जागी असावंसं वाटलं.

आदेश पाळला म्हणून कोणाला काढता येत नाही. मोठ्या साहेबांनी दुसरी वाट काढली. बाईंचा संगणक काढून घेतला आणि त्यांना बॉयलरशेजारच्या खोलीत बसवलं, जिथे मोडकी टेबलं ठेवायचे. काम काही नाही. निवृत्तीला चौदा महिने होते. वेळेवर यायचं, सही करायची, बसायचं. त्यांच्याशी बोलेल तो साहेबांच्या डोळ्यांवर येईल हे सगळ्यांना न सांगता समजलं. त्यांची खुर्ची मला मिळाली.

बाई रोज वेळेवर आल्या. गरम खोली, भिंती घामेजलेल्या. त्या घरून वह्या आणायच्या आणि लिहीत बसायच्या.

एके दिवशी मी फाटकावर प्रेसवाल्याला म्हटलं, "तुला माहीत आहे का, तुझ्या अहवालात ते वाक्य बाईंनी मुद्दाम राहू दिलं?" आणि सगळं सांगितलं. तो डाव्या हाताने नोंदवहीत गाडीचा नंबर लिहीत होता. अक्षर अजून लहान मुलासारखं होतं.

"मग मी काय करू? पाया पडू?" तो म्हणाला. "माझी बोटं परत आली? बाप आला?"

मी हे बॉयलरच्या खोलीत जाऊन बाईंना सांगितलं. का सांगितलं? त्यांना लागावं म्हणूनच. त्या भडकल्या.

"त्याला सांगायला तुला कोणी सांगितलं होतं? मी त्याच्यासाठी काही केलेलं नाही!"

"मग कशासाठी केलंत? जावईसाहेबांची जिरवायला?"

"तू मूर्ख आहेस," बाई म्हणाल्या. अकरा वर्षांत त्या इतका वेळ माझ्याकडे बघत कधी बोलल्या नव्हत्या. "तीन पानं होती. त्यात सगळी क्रियापदं बरोबर आणि सगळी वाक्यं खोटी. एकच वाक्य खरं होतं. ते मी का खोडायचं?"

मी दारात उभी राहिले. त्या पुन्हा वहीत डोकं घालून म्हणाल्या, "दार लाव. वाफ येते."

निवृत्तीच्या दिवशी त्यांना कोणी निरोप दिला नाही. त्यांनी खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, दोनदा ठक् ठक् केलं आणि गेल्या. पुढे कळलं की वहिनीशी शेवटचं काय ते बिनसलं आणि बाईंनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे त्या शिकवण्या घेतात. बाहेरदेशी जाणाऱ्या परिचारिकांना इंग्रजीची परीक्षा पास करावी लागते, त्या मुली त्यांच्याकडे जातात. अर्ध्या पहिल्या आठवड्यात पळून जातात. उरलेल्या पास होतात, हेही लोक सांगतात.

माझी मुलगी परिचारिकाच. ती त्या परीक्षेत दोनदा नापास झाली. मी तिला घेऊन गेले तेव्हा बाईंनी दार अर्धं उघडलं, आधी मला पाहिलं, मग तिला.

"ही तुझी?"

"हो."

"हिला आत पाठव. तू नको."

दुसऱ्या दिवशी मुलगी रडत घरी आली. बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं करून एकच वाक्य वीस वेळा म्हणायला लावलं होतं. "आई, ती बाई माणूस नाही," ती म्हणाली, "मी परत जाणार नाही." मी तिला बाईंबद्दल काय काय सांगू शकले असते! तोंड धू म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतः तिला पोचवलं, ती आत गेल्यावर दार लागलं आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. आतून बाईंचा आवाज येत होता, कोणाला तरी झापत होत्या. तास संपायला अजून चाळीस मिनिटं होती.